सात आठे त्रेसष्ट

दोन कोरियन कलावंतांशी माझं भांडण झालं, अशी आमच्या टॉवरमध्ये बोलवा आहे. ती खोटी आहे. त्या दोघांशी माझे संबंध शेवटपर्यंत सौजन्याचे राहिले. कांगबाईंनी तर निरोप घेताना मला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि इतकं खाली वाकणारा विद्यार्थी मला अडतीस वर्षांत मिळाला नाही. भांडण झालं ते त्यांच्या यंत्राशी, आणि त्यात मी हरलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी काय होणार या काळजीने वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको.

मी वसईचा, तुस्कानो सर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो आणि मुलगा मेल्विन, सून लॅरिसा यांच्याकडे दुबई मरीनात राहायला आलो. बरोबर माझी बायको नोरा. घर सतराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समुद्राचा रुमालाएवढा तुकडा दिसतो आणि बाकी सगळ्या दुसऱ्यांच्या खिडक्या. दर शनिवारी सकाळी दहा ते अकरा, खालच्या मल्टीपर्पज रूममध्ये मी टॉवरमधल्या मराठी मुलांना पाढे शिकवत असे. मुलं सहा. पूर्वी अकरा होती. काही कॅनडाला गेली, काही पोहायला.

या सहांत माझी नात मरिसा, वय वर्षं नऊ. मी तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते.

"मरिसा, जेवलीस का?"

"येस, आजोबा."

"काय जेवलीस?"

"फूड."

घरातला आमचा संवाद साधारण इथे संपतो. तिला सगळं समजतं, पण बोलायचं म्हटलं की तोंड मिटतं. पाढ्यांचं मात्र तसं नव्हतं. आठवड्यातून एक तास माझी नात मान डोलवत, खणखणीत मराठी बोलायची: सात एके सात, सात दुणे चौदा. तो तास गेला तर आमच्यात 'येस' आणि 'फूड' एवढेच दोन शब्द उरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचा सगळा खटाटोप मी त्या एका तासासाठी केला. कलेसाठी केला असं आमच्याच टॉवरमधला सोमनाथ सगळीकडे सांगतो, तेही खोटं आहे.

एका शनिवारी केरू नोटीस घेऊन आला. केरू आमच्या टॉवरचा वॉचमन, जुन्नरकडचा, पन्नाशीचा. नोटीस दोन्ही हातांनी पुढे करत तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या हातनं देतोय, पन माझं काय नाय ह्यात."

नोटिशीत लिहिलं होतं की मल्टीपर्पज रूममधून दर शनिवारी सामूहिक उच्चारणाचा आवाज येतो, अशी रहिवाशाची तक्रार आहे. खोलीच्या एसीचा डक्ट वर कुठे कुठे जातो हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आमचा सातचा पाढा बिचारा त्यातून चढत चढत कोणाच्या तरी बेडरूममध्ये निघत होता.

मी मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेलो. तिथे फिझा नावाची मुलगी बसते. फार अदबशीर आहे. नियम सांगताना तिचा चेहरा असा होतो की आपल्यालाच तिचं सांत्वन करावंसं वाटतं.

"अंकल, फॉर्म में कॅटेगरी डालनी पडेगी," ती म्हणाली. "प्रेयर तो नहीं है ना?"

"नाही."

"म्युझिक?"

"नाही."

"फिटनेस?"

मी विचार केला. माना डोलवणं फिटनेसमध्ये बसेल का, असंही क्षणभर वाटून गेलं. पण खोटं बोलवेना. मी म्हणालो, "बेटा, ये पढाई है."

"पढाई के लिये लायसन्स लगेगा, अंकल." तिचा चेहरा आणखी उतरला. खूप शोधून तिने शेवटी 'कल्चरल' असा एक रकाना काढला. त्यासाठी एखाद्या सांस्कृतिक संस्थेचं पत्र हवं होतं. मुदत एक महिना. पत्र आलं नाही तर खोली बंद.

बातमी चौदाव्या मजल्यावरच्या सोमनाथपर्यंत मी लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत पोचली. सोमनाथ मालवाहतुकीच्या कंपनीत आहे आणि कुठलाही कागद कसा हलवायचा हे आपल्याला कळतं अशी त्याची श्रद्धा आहे. त्याचा मुलगा अर्श माझ्या वर्गात. "सर, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "इथं माणसाला कोणी विचारत नाही, लेटरला विचारतात. लेटर आलं की खलास." लेटर कुठून आणायचं, यावर तो म्हणाला, "इन्शाल्ला येईल." त्याची बायको समिधा हिचा सल्ला वेगळा होता. "सर, पाढ्यांऐवजी ॲबॅकस घ्या ना. आवाजच नाही त्यात." हा सल्ला तिने चांगल्या मनाने दिला होता. म्हणूनच तो मला जास्त लागला.

चारच दिवसांनी दारावरची बेल वाजली. दारात काळ्या कपड्यांतली एक किरकोळ बाई आणि तिच्या मागे तसाच काळ्या कपड्यांतला एक उंच तरुण. बाईने डक्टच्या दिशेने बोट दाखवलं आणि हाताने पाढ्याचा ठेका धरला. नोराला वाटलं, तक्रार केली ती हीच. तिने घाईघाईने दोघांना आत बसवलं आणि वसईहून आलेली सुकेळी पुढे ठेवली. रागावलेल्या माणसाला गोड द्यावं, हे तिचं राजकारण. बाईंनी चार सुकेळी खाल्ली आणि मग सांगितलं की त्या कांग, हा तरुण रियू, दोघं सोलहून आले आहेत, अकराव्या मजल्यावर दोन महिन्यांसाठी राहताहेत, आवाज आणि प्रकाश यांचे प्रयोग करतात. अल क्वोजमधल्या एका वेअरहाऊसमध्ये त्यांचा प्रयोग होता. डक्टमधून येणारा आमचा पाढा त्यांना हवा होता.

कसला प्रयोग, किती वेळ, मुलांनी काय करायचं, हे काहीही न विचारता मी विचारलं, "लेटर मिळेल?"

"लेटर, येस," कांगबाई म्हणाल्या.

नोरा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अहो, आधी ते काय करतात ते तरी बघा. भलत्याच ठिकाणी मुलांना उभं कराल." मी म्हणालो, "तू फक्त सुकेळी बघ." हे वाक्य तिने नंतर मला बऱ्याच वेळा परत ऐकवलं.

पुढच्या शनिवारी रेकॉर्डिंग झालं. मी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं, घसा साफ करायला लावला, 'एकोणपन्नास'मधला ण दहादा घोटून घेतला. रियूने मायक्रोफोन काढला आणि तो मुलांसमोर न धरता छताजवळच्या एसीच्या जाळीला बांधला, मुलांकडे पाठ करून. मी म्हणालो, "अहो, मुलं इकडे आहेत." कांगबाई गोड हसल्या. मुलं दमल्यावर म्हणतात तसं म्हणतील का, असं त्यांनी विचारलं. माझ्या वर्गाला आजवर कोणी दमून म्हणायला सांगितलं नव्हतं. मी अपमान गिळला.

अर्शने 'सात सक' चुकवलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे मधेच थांबवून बरोबर उत्तर सांगितलं आणि सगळ्या वर्गाने ती ओळ तीनदा म्हटली. ही माझी जुनी शिस्त. चूक एकाची, दुरुस्ती सगळ्यांची. कांगबाईंना हे भारी आवडलं. "असं किती वेळ करता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरोबर येईपर्यंत." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्याकडून कोणी काही लिहून घेतल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

इथपर्यंत प्रकरण हातात होतं. मग सोमनाथने पालकांच्या ग्रुपचं नाव 'शनिवार पाढे' बदलून 'पाढे इंटरनॅशनल' केलं. पहिली सूचना आली की मुलांच्या हातात लेझीम द्यावी. दुसरी, मुलींना नऊवारी. समिधाने मला एकट्याला मेसेज केला, 'सर, अर्शचा सोलो आहे का? तसं असेल तर मी खलिफा सिटीहून माझ्या बहिणीला बोलावते.' मुलं प्रत्यक्ष काही म्हणणार नाहीत, आवाज आधीच घेतला आहे, आपण फक्त प्रेक्षक, हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी खाली हात जोडलेली पाच चित्रं आली आणि मग पुन्हा लेझीमचा विषय निघाला.

वेअरहाऊसवाल्यांचे फॉर्म आले. दर मुलामागे चार पानं, दोन्ही पालकांच्या सह्या, एमिरेट्स आयडीच्या प्रती. एका मुलीचे वडील जहाजावर होते. त्यांची सही मिळवायला दोन आठवडे आणि दोन बंदरं लागली. एका रकान्यात 'वाद्य' असं विचारलं होतं. मी सहाही फॉर्मवर 'तोंड' लिहिलं. सोमनाथ म्हणाला, "सर, व्होकल लिहितात तिथं." सगळे फॉर्म पुन्हा भरले. शेवटच्या पानावर शिक्षकाच्या सहीसाठी, प्रयोगात आवाज मोठा असेल आणि त्याची आम्हाला कल्पना आहे, अशी कबुली होती. आवाज मोठा म्हणून ज्याची खोली जाते आहे त्याने ती कबुली सहा प्रतींत सही करून दिली.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मिनीबस निघाली. माणशी पन्नास दिरहम. "म्हणजे जवळजवळ बाराशे रुपये," सोमनाथ चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. एकंदर सव्वीस माणसं. बायका पैठण्यांत, पुरुष झब्ब्यांत, समिधाची बहीण आणि तिचे सासरेही. वेअरहाऊसच्या दारात बाकीचा प्रेक्षकवर्ग उभा होता, तो नखशिखान्त काळ्या कपड्यांत. आम्ही लग्नाला आलो होतो आणि ते मयताला. नोराची सँडविचची पिशवी दारात काढून घेतली आणि प्रत्येकाच्या हातात कानात घालायचे पिवळे बोळे दिले. "बघा," नोरा म्हणाली, "खायचं काढून घेतात आणि हे देतात."

आत खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर उशा होत्या. माझ्या गुडघ्यांकडे बघून कांगबाईंनी एक खुर्ची आणवली आणि मध्यभागी ठेवली. त्या अख्ख्या जागेत उंच बसलेला मी एकटा.

तिथला व्यवस्थापक क्रिस्टोफर, मुंबईचा. पत्रावर सही त्याची होणार होती. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, एकच गोष्ट. हे मशीन हॉल ऐकतं. लोक आवाज करतात तोवर ते चालू राहतं. सगळे गप्प झाले की स्वतःहून संपतं. चाळीस मिनिटांचं काम आहे. आठला जागा बंद. सो, पिनड्रॉप सायलेन्स, प्लीज." मी त्याला सांगितलं की बाबा रे, मी अडतीस वर्षं दुसरं काही मागितलेलं नाही.

दिवे गेले. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या. कांगबाई आणि रियू एका टेबलामागे उभे राहिले, आयकराचे कागद तपासावेत अशा चेहऱ्याने. फ्रिज चालू असताना येतो तसा आवाज सुरू झाला. दहा मिनिटं झाली.

"सर, सुरू झालं का?" सोमनाथने खालून विचारलं.

"टेस्टिंग असेल," मी म्हणालो.

मग त्या घुमण्याच्या आतून, खूप खोलून, मुलांचे आवाज येऊ लागले. एकेक अक्षर ताणलेलं, विहिरीच्या तळाशी वर्ग भरल्यासारखं. सा... त. रेघा थरथरल्या. माझ्या पाढ्यांना इतकी मोठी जागा कधी मिळाली नव्हती आणि अंगावर काटा आला हे मी नाकारत नाही. अर्श कुजबुजला, "दॅट्स मी." समिधाने विचारलं, "कुठाय?" दोघांनाही मी दटावलं.

आणि मग यंत्राने एका ओळीचं डोकं दुसऱ्या ओळीच्या धडाला लावलं. स्वच्छ आवाजात ऐकू आलं: "सात आठे त्रेसष्ट."

मी थांबलो. पोर एकदा चुकतं. यंत्र पुन्हा म्हणालं, "सात आठे त्रेसष्ट." तो आवाज मरिसाचा होता. मरिसाने ही चूक जन्मात कधी केलेली नाही. ती माझ्याशेजारी उशीवर बसली होती आणि तिच्याच आवाजात, आठ कर्ण्यांतून, दोनशे माणसांसमोर तिची नालस्ती चालली होती.

मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "छप्पन."

अंधारातून सहाही मुलं शिस्तीत ओरडली, "सात आठे छप्पन, सात आठे छप्पन, सात आठे छप्पन."

यंत्र गप्प झालं. मला वाटलं, ओशाळलं. दोन क्षणांनी ते म्हणालं, "सात सक छप्पन." आणि त्यातलं 'छप्पन' माझ्या आवाजातलं होतं.

"बेचाळीस," मी म्हणालो. मुलांनी तीनदा म्हटलं. "सात नवे बेचाळीस," यंत्र म्हणालं, आता पूर्ण माझ्या आवाजात. माझ्याच तोंडून चुकीचा पाढा ऐकण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ. माणूस म्हातारा झाला की असं काही ऐकावं लागेल याची तयारी मी ठेवली होती, पण इतक्या लोकांसमोर नव्हे. "त्रेसष्ट," मी म्हणालो. माझा प्रत्येक शब्द ते गिळत होतं आणि भलत्या ओळीला चिकटवून परत करत होतं. इतका मठ्ठ विद्यार्थी मी पाहिला नव्हता. आणि इतका चिकाटीचाही नाही.

काळ्या कपड्यांतले लोक आधी माना हलवत होते, काहींनी तर डोळे मिटले होते. चाळीस मिनिटं झाली, तास झाला. ते एकेक करून वाकून बाहेर पडू लागले. सोमनाथचे पाय आखडले. मुलं थकली, सहांची चार झाली, चारांची दोन. माझा घसा बसला. शेवटी एकटी मरिसा तीन-तीनदा म्हणत राहिली, उभी राहून, दोन वेण्या हलवत. आणि मधेच माझा हात ओढून ती म्हणाली, "आजोबा, ते परत चुकतंय. सांगा ना त्याला."

अख्खी दोन वाक्यं. पाढ्याबाहेरची.

मी तिला उत्तर देणार, तेवढ्यात क्रिस्टोफर रांगत माझ्या खुर्चीपाशी आला. "सर, प्लीज," तो म्हणाला. "तुम्ही थांबल्याशिवाय ते थांबणार नाही. पावणेआठ झाले. मला आठला शटर पाडायचंय. असं झालं तर मी लेटरमध्ये काय लिहू?"

पत्र नाही तर खोली नाही. खोली नाही तर शनिवार नाही. "सात आठे त्रेसष्ट," यंत्र म्हणालं आणि वाट बघत राहिलं. मरिसाने तोंड उघडलं. मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि खाली बसलो.

"सात आठे त्रेसष्ट." या वेळी जरा हळू. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. पुन्हा एकदा, आणखी हळू. मग घुमणं विरलं, रेघा विझल्या. उरलेल्या तीस-चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कांगबाई वाकल्या तो नमस्कार तेव्हाचा. रियूने मला सांगितलं की त्यांच्या प्रयोगात यंत्राला इतका वेळ कोणी कधी जागं ठेवलं नव्हतं. तो कौतुक करत होता की हिशोब मागत होता, मला कळलं नाही.

बसमध्ये सगळे भुकेने गप्प होते. मरिसा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "व्हाय डिड यू लेट इट विन?" मी मराठीत समजावू लागलो. खोली, फॉर्म, कॅटेगरी. तिने कानात पिवळे बोळे घातले.

पत्र चार दिवसांनी आलं, जाड कागदावर. त्यात आमच्या वर्गाने 'शांततेकडे जाणाऱ्या कलाकृतीत मोलाचा सहभाग घेतला' असं लिहिलं होतं. फिझाने ते दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "अंकल, इसमें तो सायलेन्स लिखा है. फिर कोई प्रॉब्लेम ही नहीं." तिने वर्गाला योगा आणि वाचन यांच्या रकान्यात टाकलं. सायलेंट ॲक्टिव्हिटी, दर शनिवारी दहा ते अकरा, वर्षभर मंजूर. मी म्हणालो, "बेटा, लेकिन पाढे तो बोलने पडते हैं." ती म्हणाली, "मन में बोल लेंगे ना, अंकल." सोमनाथने ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं.

पहिल्या शनिवारी चार मुलं आली. मी फळ्यावर सातचा पाढा लिहिला. मुलांनी तो वहीत उतरवला. एसीचा आवाज येत होता. त्या दिवशी कोणी चुकलं नाही. चुकायला बोलावं लागतं. मरिसाने सगळ्यांच्या आधी वही मिटली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आय ॲम डन." मी मान डोलवली.

साडेदहाला केरू आला. अटीप्रमाणे दर आठवड्याला त्याने खोली बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. दारातूनच त्याने मुलं मोजली.

"गुरुजी, शेरा काय लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"जे दिसतंय ते लिही," मी म्हणालो.

त्याने रजिस्टर भिंतीला टेकवून लिहिलं: 'मुले चार. आवाज नाही. उत्तम.' अडतीस वर्षांत माझ्या वर्गावर एवढा निर्दोष शेरा कुठल्या साहेबाने मारला नव्हता. खाली शिक्षकाच्या सहीला जागा होती. मी सही केली.